एम.ए.नंतर पाटी लावता येईल का?

प्रश्न: अशोक चौकात राहते. बी.ए. झालंय, आता उपयोजित मानसशास्त्रात एम.ए. करायचंय. मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर काम करणारी मानसशास्त्रज्ञ, अशी पाटी लावता येईल? आणि प्रात्यक्षिकाला एवढं महत्त्व का देतात?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, नुसत्या एम.ए.वर ती पाटी लावू नका. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं क्लिनिकल प्रशिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी लागते. १९९२ चा कायदा आहे तसा. शाळेत, कारखान्यात, समुपदेशन केंद्रात मात्र एम.ए.ला काम मिळतं.

प्रात्यक्षिकाबद्दल मला मनापासून सांगायचंय. विद्यार्थी यंत्रमाग कामगाराची केस हिस्टरी, म्हणजे त्याच्या तक्रारींची आणि आयुष्याची नोंद, लिहून आणतात: ‘मोठ्याने बोलतो, चिडलेला वाटतो.’ अहो, वर्षानुवर्षं मागाच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस मोठ्यानेच बोलणार! कदाचित त्याला कमी ऐकू येत असेल. आधी कान तपासायला सांगा. ‘झोप नाही’ लिहिण्याआधी पाळी दिवसाची की रात्रीची, ते विचारा. हे पुस्तकातून कळत नाही, मार्गदर्शकासमोर बसून स्वतःची नोंद वाचताना कळतं. (बुद्धिमापन चाचणीचंही तेच, गुण काढणं सोपं, अर्थ लावणं अवघड.)

म्हणून प्रवेशाआधी कॉलेजात स्पष्ट विचारा: प्रशिक्षणाला कुठे पाठवता, माझ्या केसेस कोण तपासणार, दर आठवड्याला चर्चा होते का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं कॉलेज बघा. तुमच्या भागात राहून तेलुगू कानावर पडलीच असेल, ती बोलायला शिका. विडी वळणाऱ्या कित्येक बायका घरचं दुखणं तेलुगूतच सांगतात.