गोळीत औषधाचा १ टक्का दुसरा पॉलिमॉर्फ (त्याच रेणूची वेगळी स्फटिकरचना, म्हणजेच फॉर्म), सॉलिड एनएमआरने (घन नमुना चुंबकीय क्षेत्रात ठेवून अणुकेंद्रांचे सिग्नल मोजण्याची पद्धत) मोजता येईल का?
हो येतो, पण आधी औषधाच्या रेणूत फ्लोरीन आहे का ते बघा. असेल तर सरळ फ्लोरीन १९ वरच जा, कारण तो निसर्गात १०० टक्के त्याच रूपात असतो आणि गोळीत भर म्हणून घातलेल्या लॅक्टोज, सेल्युलोज वगैरेंत फ्लोरीन नसल्याने त्यांचा गोंधळ मध्ये येत नाही (प्रोबमधल्या, म्हणजे नमुना धरून सिग्नल पकडणाऱ्या भागातल्या, टेफ्लॉनचा सिग्नल मात्र रिकामा रोटर, म्हणजे नमुना भरायची छोटी नळी, फिरवून तपासा). कार्बन १३ फक्त १.१ टक्का, त्यात चार पट स्कॅन घेतले तरी सिग्नल-टू-नॉइज (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) दुप्पटच होतो, म्हणजे रात्रभर मशीन अडवून ठेवावं लागतं.

खरी गडबड होते ती टी-वनमध्ये (एका स्कॅननंतर अणुकेंद्रं पूर्वस्थितीला किती वेगाने येतात त्याचं माप). प्रत्येक फॉर्मचा टी-वन आधी वेगळा मोजा आणि दोन स्कॅनमध्ये सगळ्यात मोठ्याच्या पाच पट थांबा. समजा मुख्य स्फटिकाचा टी-वन १०० सेकंद, दुसऱ्याचा २, आणि तुम्ही १० सेकंदच थांबलात, तर मुख्य पीक दबतं आणि १ टक्क्याचा फॉर्म एकदम १० टक्क्यांच्या आसपास दिसायला लागतो! पण तो नुसता आहे की नाही एवढंच शोधायचं असेल तर हीच युक्ती मुद्दाम वापरा, फार कामाची आहे.

छोटं पीक दिसलं की स्पिनिंगचा वेग बदला, जागा सरकली तर ते साइडबँड (नमुना फिरवल्यामुळे येणारं जादा पीक). आकड्यासाठी ०.५, १, २ टक्के शुद्ध फॉर्म हलक्या हाताने मिसळून कॅलिब्रेशन करा. खलात जोरात घोटू नका प्लीज, घोटताना फॉर्मच बदलू शकतो.