१०६०ला १०६०ची जोडी लावू का?

प्रश्न: दादा नमस्कार, मी सावद्याचा, जळगावला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आतेभावाकडून घेतलेला जुना पीसी आहे, आय५ ८४०० प्रोसेसर, बी३६० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) आणि जीटीएक्स १०६० सहा जीबीचं ग्राफिक्स कार्ड. रूममेटकडे पण सेम कार्ड आहे, तो लॅपटॉप घेतोय म्हणून ते मला साडेपाच हजारात देतोय. दोन लावले की सहा न् सहा बारा जीबी होईल आणि नवीन गेम पळतील असं माझं गणित. पप्पा म्हणतात केळी कटून पैसे आले की १५-२० हजार देतो, तोवर थांब. थांबू का जोडी लावून टाकू?

उत्तर: थांब रे भो, साडेपाच हजार खिशातच राहू दे. १०६०ची जोडी लागतच नाही. दोन कार्ड जोडायला कार्डच्या वरच्या कडेला सोनेरी दात असतात, त्यावर ब्रिज म्हणजे दोन कार्ड जोडणारी पट्टी बसते, कार्डची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने ते दात १०७० आणि १०८०ला दिले, १०६०ला दिलेच नाहीत. विश्वास नसेल तर कॅबिनेट उघडून बघ, कड सपाट असेल. आणि कनेक्टर असता तरी तुझा बोर्ड आडवा आला असता, कारण बी३६० मध्ये प्रोसेसरकडून येणाऱ्या १६ लेन (माहिती ये-जा करायचे रस्ते) दोन स्लॉटमध्ये आठ-आठ वाटता येत नाहीत, खाली दुसरा लांब स्लॉट दिसला तरी त्याला चिपसेटकडून (बोर्डवरच्या मदतनीस चिपकडून) चारच लेन येतात. म्हणजे रूममेटचं कार्ड तू लावशील, विंडोज त्याला ओळखेल पण, आणि गेम चालू केला की ते नुसतं बसून राहील.

आता ते सहा न् सहा बारा. हे होत नाही, आणि हा गैरसमज मला पण होता बरं का. मी स्वतः २०१६ मध्ये दोन जीटीएक्स ९७० लावली होती, मित्रांना घरी बोलावून कॅबिनेटची काच दाखवायचो वगैरे. जोडीचं काम असं चालायचं की एक कार्ड पहिली, तिसरी, पाचवी फ्रेम (गेमचं एकेक चित्र) काढणार आणि दुसरं दुसरी, चौथी, सहावी, मग दोघांनाही गेमचा सगळा माल आपापल्या मेमरीत पूर्ण ठेवावाच लागतो, म्हणजे एकाच धड्याच्या दोन वह्या झाल्या, पानं काही वाढली नाहीत. शिवाय फ्रेम सारख्या अंतराने यायच्या नाहीत, मीटरवर सेकंदाला ९० फ्रेम दिसायच्या आणि डोळ्याला ५० सारखं अडखळत जाणवायचं. एक बैल पाऊल टाकतोय आणि दुसरा अजून विचारात आहे अशी औताची गत. काही गेममध्ये खरंच दीडपट-पावणेदोनपट स्पीड मिळायचा ते खोटं नाही बोलणार, पण काहींमध्ये एक कार्ड बंद केलं की गेम जास्त चांगला चालायचा, शेवटी मी सेटिंगमधून जोडीच बंद करून ठेवली आणि एक कार्ड विकून टाकलं.

हे प्रकरण बुडालं ते पण यातूनच. नवीन गेम मागच्या फ्रेममधली माहिती घेऊन पुढची फ्रेम गुळगुळीत करतात, आणि मागची फ्रेम तर शेजारच्या कार्डात पडलेली, मग ती मागवत बसा. विंडोजच्या डायरेक्टएक्स १२ मध्ये (गेम आणि कार्ड यांच्यातला दुवा) दोन कार्ड वापरायची सोय आहे पण ती मेहनत गेम बनवणाऱ्याने करायची, आणि दोन कार्डवाले गिऱ्हाईक किती? कोण करणार. एनव्हिडियाची स्पर्धक एएमडीने २०१९ च्या आरएक्स ५७०० पासून क्रॉसफायर (त्यांची जोडी लावायची पद्धत) सोडलं, एनव्हिडियाने २०२१ पासून एसएलआयचे (त्यांची जोडीची पद्धत) नवीन प्रोफाइल, म्हणजे प्रत्येक गेमसाठीच्या जोडीच्या सेटिंग, देणं थांबवलं, गेमिंगवाल्यांत ३०९० आणि ३०९० टीआय ही जोडीची शेवटची कार्डं, ४०९० ला तर तो कनेक्टरच नाही.

आणि अजून एक, आपल्याकडचा मे महिना. १०६० फुल लोडला १२० वॅट खातं, दोन म्हणजे २४०, ती सगळी शेवटी गरमी होऊनच खोलीत येते. बाहेर ४५ डिग्री, खालच्या कार्डची गरम हवा वरचं कार्ड ओढतंय, तुझ्या रूमवर केळी पिकवायला ठेवली तरी चालतील. साधा ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर लाइट गेल्या गेल्या तो पण राम म्हणेल.

मग करायचं काय, तर पप्पांचे पैसे येऊ दे, तुझं १०६० विक, आणि दोन्ही मिळून एकच कार्ड घे. मी तुझ्या जागी असतो तर आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं बघितलं असतं (८ जीबीचं पण येतं, ते नको). कारण तुझा बोर्ड जुना म्हणजे पीसीआय ३ चा (कार्डच्या स्लॉटची जुनी, कमी वेगाची पिढी) आहे, ४०६० आणि आरएक्स ६६०० आठच लेन वापरतात, ३०६० पूर्ण १६ वापरतं, त्यामुळे मेमरी भरून वाहायला लागली की जुन्या बोर्डावर ते जास्त तग धरतं. १७० वॅटचं आहे, एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा असेल तर ४५० मध्ये निघून जाईल, कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल तर मात्र कार्डच्या आधी तो बदल. भाव दर आठवड्याला हलतो म्हणून आकडा लिहीत नाही. सेकंड हॅन्ड घेतलंस तर विकणाऱ्याच्या घरीच अर्धा तास जड गेम चालवून फॅनचा आवाज आणि टेंपरेचर बघ, २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (कार्डवर गणितं चालवून ते चलन कमावणं) बंद पडल्यावर रात्रंदिवस घासलेली कार्डं ढिगाने बाजारात आली होती, पुसून चकचकीत केली की ओळखू येत नाहीत.

रूममेट तुला लॉसलेस स्केलिंग नावाच्या सॉफ्टवेअरचं सांगेल, आधीच सांगून ठेवतो. त्यात एक कार्ड गेम चालवतं आणि दुसरं मधल्या मधल्या फ्रेम बनवून भरतं, ब्रिज लागत नाही, आणि हे खरंच चालतं. पण मूळ गेमच सेकंदाला ३० फ्रेमवर लटकलेला असेल तर भरलेल्या फ्रेमने चित्र मऊ दिसेल, माउस मात्र जडच वाटेल, आणि तुझ्या चार लेनवाल्या स्लॉटमधून सगळ्या फ्रेम जाणार. त्यासाठी साडेपाच हजार? नाही.

प्रश्न: शिरपूरला माझा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे व्हिडिओ आणि थोडं ब्लेंडरचं (थ्रीडी सॉफ्टवेअर) काम करतो. मला पण दोन कार्डचा उपयोग नाही का?

उत्तर: तुम्हाला आहे भाऊ, तुमची गोष्ट वेगळी. ब्लेंडरचं सायकल्स रेंडर (सीनमधून शेवटचं चित्र काढणारा भाग) दोन कार्डांत काम वाटून घेतं, ब्रिज लागत नाही, कार्ड वेगवेगळी असली तरी चालतात, फक्त सीन प्रत्येक कार्डच्या मेमरीत मावला पाहिजे. व्हिडिओ एडिटिंगच्या डाविंची रिझॉल्व्हचं पैसे भरून घेतलेलं स्टुडिओ व्हर्जन पण दोन कार्ड वापरतं. लग्नसराईच्या आधी मोठा एसएमपीएस आणि मोकळं कॅबिनेट मात्र घेऊन ठेवा, आणि पीसी कूलरच्या थेट तोंडासमोर ठेवू नका, ती हवा ओली असते.