वाचक विचारतात : व्हीली, पण आधी मागचा ब्रेक

प्रश्न : माझ्याकडे ६५० सीसीची, दोन सिलिंडरची स्पोर्ट मोटारसायकल आहे आणि गाडी चालवण्याचा चांगला सराव आहे. व्हीली, म्हणजे पुढचे चाक हवेत उचलून गाडी चालवणे, शिकण्याची मनापासून इच्छा आहे. परंतु पुढचे चाक जेमतेम वीतभर उचलले जाते, तोच भीतीने माझ्याकडून थ्रॉटल (वेग वाढवण्याची उजवी मूठ) एकदम बंद होतो आणि चाक धाडकन आपटते. ही भीती घालवून चाक अधिक उंच कसे न्यावे? क्लच वापरावा की केवळ थ्रॉटल?

उत्तर : ही भीती घालवण्याच्या मागे लागू नका, कारण ती रास्त आहे. चाक वर कसे न्यायचे हे तुम्हाला थोडेफार जमले आहे, पण ते खाली आणण्याचा भरवशाचा उपाय अजून तुमच्या अंगवळणी पडलेला नाही. तो उपाय म्हणजे मागचा ब्रेक, आणि तो उजव्या पायाखाली आहे. चाक उचलण्याचा विचार त्यानंतर करावा.

असे म्हणण्याचे कारण गाडीच्या तोलात आहे. उदाहरणादाखल, चालकासह गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिलिमीटर उंच आणि मागच्या आसाच्या ७०० मिलिमीटर पुढे आहे, तर मागच्या चाकाची त्रिज्या ३१० मिलिमीटर आहे, असे धरू. या मापांच्या गाडीचे पुढचे चाक जमीन सोडण्यासाठी गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १.०८ पट त्वरण लागते. गाडी ३० अंशांनी उचलली गेली, की गुरुत्वमध्य मागे आणि वर सरकतो आणि तीच स्थिती टिकवायला फक्त ०.४६ पट त्वरण पुरते, म्हणजे पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी. सुमारे ६४ अंशांवर गुरुत्वमध्य नेमका मागच्या आसावर येतो. तेथे पुढचे चाक वर राहण्यासाठी त्वरणाची गरजच उरत नाही, आणि त्यापुढे गाडी स्वतःच्या वजनानेच मागे पडू लागते. याचा अर्थ असा, की ज्या थ्रॉटलने चाक उचलले तोच तसाच धरून ठेवला, तर गाडी उलटते. चाक जसजसे वर जाते तसतसा थ्रॉटल कमी करत आणावा लागतो, आणि नवशिक्याचा हात नेमका उलटे करतो, कारण शरीर मागे ओढले गेले की मनगटही मागे जाते आणि थ्रॉटल आणखी उघडतो.

अशा वेळी थ्रॉटल बंद केला तर इंजिनाच्या मागे खेचणाऱ्या ओढीने पुढचे चाक खाली येते खरे, पण आपटते. क्लच दाबला तर तीही ओढ नाहीशी होते. तोलाचा बिंदू ओलांडलेला नसेल तर गाडी कोसळल्यासारखी खाली येते, आणि ओलांडलेला असेल तर खाली येतच नाही. मागचा ब्रेक मात्र या बिंदूच्या दोन्ही बाजूंना काम करतो. ब्रेकचे बल जमिनीलगत मागच्या दिशेने लागते, गुरुत्वमध्य त्याच्या बराच वर असतो, त्यामुळे गाडीचे नाक पुढे झुकते. थ्रॉटल किंचित उघडा ठेवून ब्रेक हलका दाबला, तर चाक सावकाश उतरते.

म्हणून पहिले काही दिवस चाक उचलूच नका. पायाचा मधला भाग फूटरेस्टवर आणि बोटे ब्रेकच्या पेडलवर, अशी बैठक जमवा. स्पोर्ट गाडीचे फूटरेस्ट मागे आणि उंच असतात, त्यामुळे वेग घेताना चालकाचा पाय नकळत पेडलवरून सुटतो. त्यासाठी पेडलची उंचीही आपल्या बुटाप्रमाणे जुळवून घ्यावी लागते. पहिल्या गिअरमध्ये संथ वेगाने सरळ जात थ्रॉटल उघडा आणि थ्रॉटल उघडा असतानाच ब्रेकला हलका स्पर्श करा. गरज नसली तरी प्रत्येक वेळी करा, कारण पुढे विचार करायला वेळ मिळणार नाही आणि पाय आपोआप हललेला हवा. त्यानंतर चाक वीतभर उचला आणि मुद्दाम ब्रेकनेच खाली आणा. जोवर पाच-सहा प्रयत्नांपैकी एकदाही पाय विसरतो आहे, तोवर वीतभराच्या वर जाऊ नका.

क्लच की थ्रॉटल, याचे उत्तर त्यामानाने सोपे आहे. तुमच्या गाडीला खालच्या आरपीएमवर (इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर) जोर असल्यामुळे पहिल्या गिअरमध्ये थ्रॉटल क्षणभर मिटून पुन्हा ठामपणे उघडला, तर चाक उचलले जाईल. शिकण्यासाठी हे पुरेसे आहे, कारण हाताला एकच काम राहते. क्लचच्या पद्धतीत दोन बोटांनी क्लच किंचित ओढून आरपीएम वाढू द्यायचे आणि मग तो सोडायचा असतो. ही पद्धत नंतर दुसऱ्या गिअरमध्ये उपयोगी पडते, मात्र त्यासाठी डाव्या हाताचा अंदाज पक्का लागतो.

खरे सांगायचे तर पहिले धडे तुमच्या गाडीवर घेऊच नयेत, असे माझे मत आहे. तिचे हँडल खाली आहे, वजन पुढे आहे आणि पडल्यावर फेअरिंगचा, म्हणजे बाहेरच्या आवरणाचा, चुराडा होतो. लहान, हलक्या ऑफ-रोड गाडीवर चूक झाली तर ती सोडून मागच्या बाजूला पायांवर उतरता येते. १९९१ साली जपानच्या यासुयुकी कुडो यांनी एका चाकावर ३३१ किलोमीटर अंतर कापले, तेही होंडाच्या टीएलएम २२० आर या हलक्या ट्रायल मोटारसायकलवर. काही प्रशिक्षण केंद्रांत गाडी ठरावीक कोनापलीकडे गेल्यास इंजिन बंद करणारी यंत्रणा बसवलेली असते. अशी सोय मिळत असेल तर तिथेच जा. सार्वजनिक रस्त्यावर हा सराव करू नका, मग तो रस्ता कितीही रिकामा दिसो. तिथे अचानक समोर येणाऱ्या माणसाने हा धोका पत्करलेला नसतो, आणि पुढचे चाक हवेत असताना तुम्हाला वळताही येत नाही. मालकाच्या परवानगीने वापरलेली बंदिस्त, सरळ जागा, पूर्ण हेल्मेट, पाठीच्या संरक्षकासह चामडी पोशाख आणि मदतीला जवळ असलेला एक माणूस, यांपैकी काही कमी असेल तर त्या दिवशीचा सराव रद्द करावा.

प्रश्न : सराव सुरू केल्यापासून फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) नळीवर तेल दिसते आणि ब्रेक लावताना हँडलपाशी टक्-टक् आवाज येतो. सराव चालू ठेवला तर चालेल का?

उत्तर : नाही, आधी दुरुस्ती करून घ्या. चाक आपटल्यामुळे फोर्कचे ऑइल सील गेले आहे, आणि ते तेल पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर पोहोचले तर ब्रेकच लागणार नाही. आवाज बहुधा स्टिअरिंगच्या बेअरिंगचा आहे. गाडीचा पुढचा भाग आधारावर उचलून फोर्कचे खालचे टोक पुढे-मागे हलवून पाहा, तेथे ढिलेपणा जाणवेल. मग हँडल अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर अडकल्यासारखे वाटले, तर बेअरिंगच्या कड्यांत खळगे पडले आहेत आणि ते घट्ट करून भागणार नाही, बदलावेच लागेल. चेनचा ताण आणि इंजिन ऑइलची पातळीही प्रत्येक सरावाआधी तपासा. गाडी बराच वेळ तिरकी राहिली, की ऑइल सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या टाकीत) मागे जमा होते आणि पंपाच्या तोंडाशी ते पुरेसे राहत नाही. ऑइलचा दिवा एकदा जरी लुकलुकला, तरी चाक लगेच खाली आणून इंजिन बंद करा.

प्रश्न : माझ्या नव्या गाडीत व्हीली कंट्रोल आहे. त्याच्या मदतीने व्हीली शिकता येईल का?

उत्तर : ती यंत्रणा शिकवण्यासाठी नाही, चाक खाली ठेवण्यासाठी आहे. शर्यतीत चाक उचलले जाणे म्हणजे वेळ वाया जाणे, कारण ते रोखण्यासाठी इंजिनाचा जोर कमी करावा लागतो. मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींमध्ये गाड्यांना छोटे पंख बसवले गेले ते मुख्यतः याच कारणासाठी, आणि २०१७ पासून बाहेर डोकावणाऱ्या पंखांवर बंदी आल्यावर संघांनी तोच परिणाम फेअरिंगच्या आकारातून साधला. २०१५ च्या यामाहा आर १ मध्ये सहा अक्षांची हालचाल मोजणारा संवेदक आला, आणि गाडीचे नाक किती वेगाने उचलले जात आहे हे मोजून जोर आवरणे नेहमीच्या रस्त्यावरील गाडीतही शक्य झाले. ही यंत्रणा चालू असेल तर चाक फारसे उचललेच जाणार नाही, आणि बंद केली तर तिचे कोणतेही संरक्षण उरत नाही. एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा : पुढचे चाक हवेत मंदावते आणि मागचे फिरत राहते, हा फरक पाहून काही गाड्यांचा एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटतो. बहुतेक वेळा गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की तो जातो. गेला नाही, तर चाकांचे संवेदक तपासून घेईपर्यंत एबीएस काम करत नाही असे समजूनच गाडी चालवा.