आधी फक्त कॉलऱ्याचं विष धर

जुलाब घडवणारी जिवाणूंची विषं शिकायची तर एकदम सगळी घेऊन बसू नकोस. कॉलऱ्याचं नीट कळलं की ई. कोलाय या जिवाणूचं उष्णतेने निकामी होणारं विष जवळपास फुकटात समजतं.

साखळी एवढीच: विषाचा बी भाग आतड्याच्या पेशीवरच्या जीएम१ या मेद-रेणूला चिकटतो, ए भाग आत जाऊन जीएस या निरोप पोचवणाऱ्या प्रथिनाचा स्विच 'चालू'वरच अडकवतो. सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, क्लोराइडची सीएफटीआर वाहिनी उघडते, क्लोराइड बाहेर आतड्याच्या पोकळीत. मागोमाग सोडियम आणि पाणी.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- विष पेशी मारतं असं लिहितात. नाही! अस्तर बहुतांशी शाबूत असतं.
- ग्लुकोजसोबत सोडियम शोषणारी वाटही बंद धरतात. ती चालूच असते, म्हणून तर ओआरएस (साखर-मिठाचं पाणी) लागू पडतं.

विषाचा पेशीतला उलटा प्रवास (पृष्ठभागाकडून आतल्या जाळ्याकडे) सध्या सोड. संशोधक शंभूनाथ डे यांचा कॉलऱ्याच्या विषावरचा १९५९चा कोलकात्यातला, सशाच्या आतड्यावरचा प्रयोग मात्र वाचच.