टायर नंतर घ्या, आधी नकाशावरची रेघ बघा

तुमची पोस्ट वाचून हसू आलं, रागावू नका. हसलो ते स्वतःलाच. इंग्लंडात रेडिंगला नवीन आलात, खडी-मातीच्या वाटांवर चालणारी नवी कोरी ग्रॅव्हल सायकल घेतलीत, ॲपने 60 किलोमीटरची फेरी आखून दिली. मग सायकल खांद्यावर घेऊन सहा कुंपणं ओलांडली, एका शेतकऱ्याचा ओरडा खाल्ला आणि शेवटचे दोन तास चिखल तुडवला. आता विचारताय, 40 मिमीऐवजी 45 मिमीचे टायर घेऊ का? सात वर्षांपूर्वी मीही अगदी हेच विचारत होतो.

हेल्मेट, दिवे, पंक्चरचं सामान हे तुम्हाला माहीत असणार, ते सोडून देतो.

तो शेतकरी का ओरडला ते आधी. आपल्या डोक्यात फुटपाथ म्हणजे रस्त्याकडेची फरशी. इथे शेताशेतांतून जाणाऱ्या पायवाटेलाही फुटपाथच म्हणतात, आणि तिच्यावर सायकल चालवायचा हक्क आपल्याला नाही. ब्रिडलवे ही घोड्यांची वाट. तिच्यावर 1968च्या कायद्याने सायकलला परवानगी मिळाली, पण पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेच्या नारिंगी कव्हरच्या एक्स्प्लोरर नकाशात दोन्ही हिरव्या तुटक रेघा असतात. आखूड तुकडे म्हणजे फुटपाथ, लांब तुकडे म्हणजे ब्रिडलवे. प्रत्यक्ष वाटेवरच्या खांबावर पिवळा बाण पायी माणसांचा, निळा बाण आपला. आणि कुंपणावरून चढून जायच्या त्या लाकडी पायऱ्या, स्टाइल म्हणतात त्यांना, त्या दिसल्या की समजा वाट चुकली. घोडा काही पायऱ्या चढून जात नाही. तुम्ही सहा ओलांडल्यात, पहिलीलाच मागे फिरायला हवं होतं. ॲपला हा फरक नेहमी कळतोच असं नाही. लोक जिथून गेले तिथून ते आपल्यालाही पाठवतं, आणि ते लोक बरोबर गेले होते की चुकीचे हे कोण बघतो! (मी वकील नाही. हे इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे आणि सायकलवाल्यांना बराच मोकळा आहे.)

आता माझी चूक. ती रेघेची नव्हती, मातीची होती.

मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात सायकल घातली की काय होतं ते मी शाळेत असल्यापासून बघितलंय. वडील मडगार्डमधला चिखल काढायला बाभळीची काडी कॅरिअरला खोचून ठेवायचे. तरी हा प्रकार माझ्याच हातून झाला. फेब्रुवारीतला रविवार, सकाळी सातला उणे तीन. वाटेत नांगरलेलं शेत, त्यातून सुमारे 300 मीटर ब्रिडलवे, एकदम कायदेशीर. ढेकळं दगडासारखी गोठलेली. खडखडत पार झालो आणि वाटलं, वा, उगाच लोक चिखल-चिखल करतात. परतीलाही तोच रस्ता ठेवला.

साडेअकराला परत आलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि ते शेत वितळलं होतं. शंभर मीटरमध्ये चाक आणि फ्रेम यांच्यामधली फट चिकणमाती आणि वाळक्या गवताने गच्च भरली. अशा वेळी उतरायचं असतं. मी जोर लावला. मागून कटकन आवाज आला. डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, वर ओढला जाऊन चाकात शिरला होता, दोन आरे तुटलेले, आणि ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर डिरेलर बसतो ती हँगर नावाची पट्टी सरळ दोन तुकड्यांत माझ्या हातात. ती मुद्दामच मऊ केलेली असते, फ्रेमच्या आधी ती मोडावी म्हणून. तिने तिचं काम केलं होतं. माझ्याकडे दुसरी नव्हती, आणि ती कुठल्याही दुकानात मिळत नाही, जवळपास प्रत्येक फ्रेमची निराळी असते.

नऊ किलोमीटर चालत स्टेशन गाठलं, तेही पेडलला अडकणाऱ्या क्लीटच्या बुटांत. स्टेशनवर रुळांची कामं, म्हणून ट्रेनऐवजी बस. बसवाला म्हणाला, सायकल चालणार नाही. चिखलाने माखलेल्या माणसाला आणि सायकलला घ्यायला तयार झालेला टॅक्सीवाला, नवा डिरेलर, आरे, हँगर, मजुरी धरून दोनशे पौंडांच्या वर गेले. हँगर यायला तीन आठवडे लागले ते वेगळंच.

खरा संताप त्याच्यापुढे आहे. शेतातून आडवी जाणारी वाट नांगरायला शेतकऱ्याला बहुतेक ठिकाणी मुभा असते, पण पहिल्या नांगरणीनंतर 14 दिवसांत ती पुन्हा दाबून, दिसेल अशी करून द्यावी लागते. ब्रिडलवे असेल तर किमान दोन मीटर रुंद. हे 1990च्या कायद्यात आहे. म्हणून मी फोटो आणि ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या जागेचा आकडा) जोडून तिथल्या काउंटीच्या वाटांच्या खात्याकडे तक्रार टाकली. कुठली काउंटी ते सांगत नाही. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की तक्रार कमी प्राधान्याची आहे. मी 14 दिवसांचं कलम दाखवलं. मग त्यांनी विचारलं, नांगरणी नेमकी कुठल्या तारखेला झाली याचा पुरावा आहे का? अहो, मी काय बांधावर मुक्कामाला होतो? जूनमध्ये 'पाहणी झाली, अडथळा आढळला नाही' असं लिहून तक्रार बंद. जूनमध्ये तिथे कमरेएवढं पीक होतं! गावाकडे पाणंद कुणी नांगरून घेतली की चुलते तलाठी आणि तहसील यांच्यात चकरा मारायचे, तेव्हा मी म्हणायचो, परदेशात असं नसतं. चुलत्यांना हे अजून सांगितलेलं नाही. (सगळ्याच काउंटी अशा नसतात. एकीकडे पडलेलं झाड पाच दिवसांत हललेलं मी पाहिलंय. तुम्ही तक्रार कराच, फक्त फोटोत तारीख ठेवा.)

तर माझं मत, पटलं तर घ्या. नोव्हेंबर ते मार्च चिकणमातीच्या भागात शेतातून आडव्या जाणाऱ्या रेघा सरळ वगळायच्या, ब्रिडलवे असल्या तरी. लहान डांबरी रस्ते, जंगलातले खडीचे रस्ते आणि खडूच्या टेकड्या धरायच्या. खडूच्या जमिनीतून पाणी खाली झिरपून जातं. तुम्ही रेडिंगला आहात म्हणजे नशीबवान, गोरिंग अँड स्ट्रीटली स्टेशन अगदी जवळ. स्ट्रीटलीतून वर चढलात की रिजवे लागतो, खडूच्या टेकड्यांवरून जाणारी जुनी लांब वाट. तिथून पश्चिमेला एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपर्यंत सलग सायकल चालवता येते. वाटेत टेकडीच्या उतारावर कोरलेला अफिंग्टनचा पांढरा घोडा आणि वेलंड्स स्मिदी नावाचं प्राचीन दगडी थडगं. मोठे चढ थोडेच, बाकी लाटांसारखं वरखाली, आणि तासभर माणूस दिसत नाही. मात्र ओला खडू साबणासारखा घसरतो आणि चाकोऱ्या खोल असतात, तिथे वेग नको. पाण्याचे नळ मोजकेच, दोन बाटल्या भरून निघा. आणि रिजवे गोरिंगच्या पूर्वेलाही जातो, पण तिकडचे बरेच तुकडे फुटपाथ आहेत. नॅशनल ट्रेल (देशपातळीवरची लांब वाट) अशी पाटी बघून त्यात शिरू नका.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. सप्टेंबरपासून शेतकरी यंत्राने कुंपणाची झुडपं छाटतात. हॉथॉर्नचे काटे रस्त्यावर पडतात, ते बाभळीच्या काट्याला लाजवतील. टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) केले नसतील तर तेव्हा करा. घोडा दिसला तर मागून घंटी वाजवू नका, लांबूनच मोठ्याने 'हॅलो' म्हणा. माणसाचा आवाज ऐकला की घोडा सहसा बिथरत नाही.

टायरचं राहिलंच. 45 घ्या, मलाही तेच आवडतात. पण आधी मागच्या चाकाशेजारी फ्रेममध्ये मोकळी जागा किती आहे ते मोजा. दोन्ही बाजूंना सहा-सहा मिमी तरी उरत नसेल तर 40च ठेवा, जाड टायर घालून चिखल बाहेर पडायची वाट आपणच बंद करतो. आणि ऑर्डर करताच आहात तर तुमच्या फ्रेमचा हँगरही त्यातच टाका. माझा खोगिराखाली टेपने चिकटवलेला आहे.