‘पुलिंग माय लेग’ म्हणजे पाय ओढणं नव्हे

तुमचा प्रश्न असा की ‘ही इज पुलिंग माय लेग’ याचं मराठी ‘तो माझे पाय ओढतोय’ असं केलं तर चालेल का. नाही चालणार. शब्द जुळतात, पण अर्थ भलतीकडे जातो.

आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. त्यात मत्सर आहे, डाव आहे. इंग्रजीत मात्र ती निव्वळ गंमत. एखादी खोटी गोष्ट चेहरा गंभीर ठेवून सांगायची, समोरच्याला क्षणभर खरी वाटू द्यायची आणि मग हसून मोकळं व्हायचं. मराठीत याला नेमका शब्द आहे, फिरकी घेणं. ‘तो माझी फिरकी घेतोय’ असंच लिहा.

उलट दिशेने घोळ होतो तेव्हा तो जास्त महागात पडतो. एका ओळखीच्याने परदेशातल्या वरिष्ठांना पाठवायचा तक्रारीचा मसुदा मला दाखवला होता. बढतीसाठी याचं नाव निघालं की दोघं सहकारी खोडा घालत. त्याने लिहिलं होतं, ‘माय कलीग्ज आर ऑलवेज पुलिंग माय लेग.’ वाचणाऱ्याला वाटलं असतं, वा, चांगलं हसतंखेळतं ऑफिस दिसतंय! माणूस आतून पोळलेला होता आणि त्याचं वाक्य सांगत होतं की सगळं मजेत चाललंय. मी तिथे ‘होल्डिंग मी बॅक’ केलं. पाठीमागून पद्धतशीर पोखरणं चालू असेल, तर ‘अंडरमाइन’ हे क्रियापद आणखी चपखल बसतं.

आता एक बारकावा, जो आपल्या बोलण्यातल्या ‘लेग पुलिंग’मुळे हमखास निसटतो. कुणाच्या नव्या हेअरकटवरून सगळ्यांनी त्याला पिडलं, तर आपण म्हणतो, त्याचं लेग पुलिंग चाललंय. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस त्याला सहसा ‘टीझिंग’ म्हणेल, कारण तिथे कुणी काही खोटं पटवत नाही. ‘उद्या सुट्टी जाहीर झालीय’ असं ठोकून दिलं, समोरचा खूश झाला आणि मग ‘आय वॉज ओन्ली पुलिंग युअर लेग’ म्हटलं, तर ते खरं लेग पुलिंग. खोटं असावं, पण निरुपद्रवी आणि लगेच उघड होणारं. पैसे उकळण्यासाठी मारलेल्या थापेला हा वाक्प्रचार लावू नका. त्यासाठी आपल्याकडे शेंडी लावणं, टोपी घालणं आहेच.

वापराचं थोडक्यात सांगतो. एका माणसाबद्दल बोलताना ‘लेग’ एकवचनीच ठेवा. ‘पुलिंग माय लेग्ज’ म्हटलं की खरोखरचे पाय डोळ्यांसमोर येतात. सूर घरगुती आहे, त्यामुळे नव्या साहेबांना ‘आर यू पुलिंग माय लेग?’ विचारण्याआधी थांबा. ब्रिटिश बोलण्यात ‘पुल द अदर वन’ असं उत्तर ऐकू येतं, म्हणजे ‘दुसरा ओढ’. कधी पुढे ‘इट्स गॉट बेल्स ऑन’ जोडतात, त्या दुसऱ्या पायाला घुंगरं आहेत म्हणे! आपल्या ‘चल, काहीही सांगू नकोस’चा हा भाऊ.

उगमाबद्दल फाशीची गोष्ट सांगितली जाते: लटकणाऱ्याचे हाल लवकर संपावेत म्हणून नातलग त्याचे पाय ओढत. दुसरी गोष्ट वाटसरूंना पाय अडकवून पाडणाऱ्या चोरांची. दोन्ही ऐकायला छान, पण वाक्प्रचाराशी त्यांना जोडणारा पुरावा नाही, तेव्हा वर्गात शिकवताना खात्रीने सांगू नका. वाक्प्रचाराच्या जुन्या वापराचा दाखला म्हणून अमेरिकी मुत्सद्दी अल्बर्ट गॅलॅटिन यांचे पुत्र जेम्स गॅलॅटिन यांच्या डायरीतली 1821 सालची म्हणून एक नोंदही पुढे केली जाते. ती डायरीच बनावट असल्याचं पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं, म्हणून तिचाही आधार घेऊ नका.

तुमच्या अनुवादात आधी संदर्भ पाहा. बोलणारा हसत असेल तर ‘फिरकी’. तो चिडून ‘स्टॉप पुलिंग माय लेग’ म्हणत असेल, तर ‘पुरे झाली चेष्टा, खरं काय ते सांग’ हे मराठीत जास्त खरं वाटेल.