कातकामाच्या साठ्यातले काय द्यावे, काय ठेवावे

लाकडाच्या कातकामावरची जी पुस्तके तुम्ही जमवली आहेत, त्यांपैकी पटाशीला धार लावणे आणि लेथवरील (लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावरील) सुरक्षितता नीट शिकवणारी तेवढी ठेवावीत. उरलेली कपाटात पडून राहण्यापेक्षा नव्याने शिकणाऱ्याच्या हाती गेलेली केव्हाही बरी. चक, म्हणजे लेथवर लाकूड पकडून ठेवणारा भाग, देण्यापूर्वी त्याचे आटे अवश्य तपासावेत, कारण १ इंच व्यासाचा, इंचाला ८ आटे असलेला चक लेथच्या ३३ मिलिमीटरच्या स्पिंडलवर (फिरत्या दांड्यावर) बसत नाही, आणि हे माप चिठ्ठीवर लिहून सोबत दिले नाही तर घेणाऱ्याची विनाकारण फसगत होते. कार्बन स्टीलची पटाशी ग्राइंडरवर तापून निळी पडली असेल, तर तेवढा मऊ झालेला भाग घासून काढून मगच द्यावी. जुन्या कानशीपासून केलेली हत्यारे मात्र कोणालाही देऊ नयेत, कारण ती ठिसूळ असतात आणि फिरत्या लाकडात अडकली की तुटून अंगावर उडू शकतात.